सिलिका फ्यूमचं काँक्रीट बडोद्याच्या साइटवर कसं करावं

सांडपाण्याची टाकी, रासायनिक पाणी वाहून नेणारं गटार किंवा दिवसभर फोर्कलिफ्ट फिरणारा कारखान्याचा कोबा करायचा आहे आणि कन्सल्टंटने ड्रॉइंगवर ‘सिलिका फ्यूम’ (सिलिकॉनच्या भट्टीतून मिळणारी, काँक्रीट घट्ट करणारी अतिबारीक भुकटी) लिहून दिलं आहे, अशा साइट इंजिनिअरसाठी आणि कंत्राटदारासाठी हे लिहिते आहे. मी बडोद्याच्या कलाभवनातून सिव्हिल केलं. त्यानंतर बरीच वर्षं आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवर क्वालिटी सांभाळली आणि आता मकरपुऱ्यात माझी स्वतःची छोटी टेस्टिंग लॅब आहे. लॅबमध्ये येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, “बेन, किती टक्के टाकायचं?” टक्का ठरवायला पाच मिनिटं लागतात. पाणी किती घातलं, माल किती फिरवला आणि पहिल्या रात्री काँक्रीट झाकलं की नाही, यावर मात्र त्या महागड्या भुकटीचं सोनं होणार की माती हे ठरतं. म्हणून टक्क्याचं थोडक्यात सांगते आणि बाकीच्या गोष्टींवर वेळ घालवते.

लागतं कुठे, लागत नाही कुठे

घराच्या स्लॅबला हे लागत नाही. मांजलपुरात किंवा वाघोडिया रोडवर दोन-तीन मजली घर बांधताना एम-२० किंवा एम-२५ चं काँक्रीट (एमपुढचा आकडा म्हणजे एमपीएमधली ताकद) पाणी मोजून केलं, नीट व्हायब्रेट केलं आणि व्यवस्थित ओलं ठेवलं, की काम झालं. गच्ची गळते म्हणून प्लास्टरच्या मालात मूठभर सिलिका फ्यूम टाकून घेणारे लोक आहेत. गळती भेगेतून आणि जोडातून होते, आणि भेग या भुकटीने बुजत नाही. ते पैसे भेग उघडून नीट भरण्यावर खर्च करावेत.

खरी गरज पडते ती पाणी आणि पाण्यातले क्षार आत शिरू द्यायचे नसतील तिथे, घासून झिजणाऱ्या तळाला, आणि एम-६० च्या वरच्या खांबांना. नंदेसरीकडच्या रासायनिक कारखान्यांच्या टाक्यांमध्ये सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही असतात. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो, सळई फुगते आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडतं. सिलिका फ्यूमचं काँक्रीट ही वाट पुष्कळच अरुंद करतं.

आम्लाबद्दल मात्र कारखानदाराला आधीच स्पष्ट सांगा. टाकीत पीएच ४ च्या खालचं पाणी सतत उभं राहणार असेल, तर कुठल्याही सिमेंटचं काँक्रीट हळूहळू विरघळतच जातं. तिथे आम्लरोधक विटांचं किंवा योग्य रेझिनचं अस्तर लागतंच. अस्तर कुठे फाटलं तर खालचं काँक्रीट जास्त दिवस तग धरेल, एवढंच सिलिका फ्यूमच्या नावावर कबूल करावं. भट्टीजवळच्या कामातही जपा. इतक्या घट्ट काँक्रीटला एकदम प्रचंड उष्णता लागली तर आतल्या पाण्याच्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पृष्ठभागाच्या खपल्या उडतात. अशा ठिकाणी पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू घालतात. ते वितळले की वाफेला वाट होते.

ही भुकटी काय करते

सिलिकॉन आणि फेरोसिलिकॉन बनवताना विजेच्या भट्टीत गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ आणि कोळसा २००० अंशांच्या आसपास तापवतात. त्यातून निघालेली वाफ हवेत थंड होताना सिलिकाचे अतिसूक्ष्म, काचेसारखे गोल कण तयार होतात. एका कणाची सरासरी जाडी ०.१ ते ०.२ मायक्रॉन, म्हणजे सिमेंटच्या कणाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी. पूर्वी ही धूळ धुराड्यातून बाहेर जायची. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती काँक्रीटमध्ये घालून पाहिली होती आणि १९७१ साली नॉर्वेतल्याच फिस्का कारखान्यात ती बांधकामात वापरली गेली. पण माल भरपूर मिळू लागला तो प्रदूषणाचे नियम कडक होऊन भट्ट्यांना फिल्टर बसल्यावर. अमेरिकेत १९८३ साली किन्झुआ धरणाच्या पायथ्याचा, दगडगोट्यांनी झिजलेला तळ याच काँक्रीटने दुरुस्त केला. आपल्याकडे कैगा अणुवीज प्रकल्पाच्या घुमटाला सिलिका फ्यूम घातलेलं एम-६० वापरलं गेलं.

सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया होताना ताकद देणाऱ्या गोंदासारख्या जेलबरोबर चुनाही सुटतो. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्यात हा चुना पाचव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत असतो. तो ताकदीत फारशी भर घालत नाही, पाण्यात विरघळतो, आणि सल्फेट व आम्ल पहिला घाव त्याच्यावरच घालतात. सिलिका फ्यूम या चुन्याला धरून त्याचंही जेल बनवतं. बडोद्यात मांडवीच्या आतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चुना आणि सुरखीत बांधलेल्या आहेत. भाजलेल्या विटेच्या पुडीतली सिलिका चुन्याशी जुळायची, तेच रसायन इथे आहे. फरक वेगाचा आहे. सुरखीला महिने लागायचे, ही भुकटी इतकी बारीक आहे की पहिल्या तीन दिवसांपासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत बहुतेक काम उरकते.

दुसरं काम रसायनाआधीचं आहे. कपचीच्या, म्हणजे खडीच्या प्रत्येक तुकड्याभोवती ताज्या काँक्रीटमध्ये पाण्याचा पातळ थर जमतो आणि तिथला सिमेंटचा लगदा पोकळ राहतो. साध्या काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चाचणीचा ठोकळा, फोडला की कपची अख्खी निघून येते ती याच कमकुवत थरामुळे. सिलिका फ्यूमचे कण तिथल्या पोकळ्यांत बसतात. चांगल्या जमलेल्या मालाचा क्यूब फोडा, काळी कपची मधोमध तुटलेली दिसेल. लॅबमध्ये नव्या मुलांना मी आधी ही तुटलेली कपची दाखवते आणि मग आकड्यांकडे वळते.

खरेदी करताना

आपलं मानक आयएस १५३८८, २००३ सालचं. त्यातल्या चार-पाच गोष्टी टेस्ट सर्टिफिकेटवर बघाच: सिलिका किमान ८५ टक्के, ओलावा जास्तीत जास्त ३ टक्के, जाळल्यावर होणारी घट जास्तीत जास्त ४ टक्के, विशिष्ट पृष्ठफळ ग्रॅमला किमान १५ चौरस मीटर, आणि ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त माल राहू नये. सर्टिफिकेट त्याच बॅचचं आहे ना, हे गोणीवरच्या नंबरशी ताडून घ्या.

दुकानात नावांचा फार गोंधळ आहे. फ्यूम्ड सिलिका हे वेगळंच रसायन, रंगात आणि औषधांत जातं, खूप महाग असतं. प्रेसिपिटेटेड सिलिका रबरात वापरतात. आणि ‘मायक्रो सिलिका’ म्हणून कधी कधी चक्क क्वार्ट्झची पावडर गळ्यात मारली जाते. ती कितीही बारीक दळली तरी तिची सिलिका स्फटिकरूप असते, त्यामुळे साध्या तापमानाला चुन्याशी जुळत नाही. ओळखण्याची साइटवरची युक्ती सांगते: एक लिटरचं माप शिगोशीग भरा, ठोकू नका, आणि वजन करा. डेन्सिफाइड, म्हणजे दाबून गोळ्या केलेलं सिलिका फ्यूम साधारण ५०० ते ७०० ग्रॅम भरतं. फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) किंवा क्वार्ट्झ पावडर त्याहून बरीच जड असते, सिमेंट तर लिटरला किलोच्या वर जातं. रंगावर जाऊ नका. कार्बनच्या प्रमाणाप्रमाणे तो पांढुरक्यापासून गडद राखाडीपर्यंत काहीही असू शकतो.

क्वार्ट्झ पावडरचा विषय आपल्या भागात मी कधीच हलक्यावर घेत नाही. गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत काम करून परतलेले झाबुआ-अलिराजपूरकडचे किती तरी मजूर सिलिकोसिसने गेले. आपल्या साइटवर माल कालवणारी माणसंही बहुतेक त्याच पट्ट्यातून, दाहोद-पंचमहालातून येतात. सिलिका फ्यूम स्फटिकरूप नाही, त्यामुळे धोका तेवढा नसतो, पण इतकी बारीक धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाहीच. गोणी उघडणाऱ्याला एन-९५ मास्क आणि चष्मा द्या, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. गोणी वरून झटकू नका, मिक्सरच्या तोंडाजवळ खाली धरून हळू ओता. हे न पाळणाऱ्या मुकादमाला मी काम थांबवायला लावते.

माल डेन्सिफाइडच घ्या. मोकळा माल वाऱ्यावर उडतो, हाताळवत नाही. डेन्सिफाइडचे कण एकत्र दाबून त्याच्या बारीक गोळ्या केलेल्या असतात. त्या मिक्सरमध्ये फुटल्या पाहिजेत, आणि पुढची बरीचशी मेहनत त्यासाठीच आहे.

प्रमाण

काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात सिमेंटच्या ५ ते १० टक्के असं म्हटलं आहे. टाकी आणि कोब्यासाठी मी ७-८ टक्क्यांपासून सुरुवात करते. दहाच्या वर गेलं की माल चिकट होतो, ॲडमिक्श्चर (कमी पाण्यात माल वाहता ठेवणारं केमिकल) जास्त लागतं आणि त्या मानाने फायदा वाढत नाही.

एम-५० चं एक उदाहरण देते. हे ट्रायलची सुरुवात म्हणून घ्या. तुमची रेती, तुमची कपची आणि तुमचं ॲडमिक्श्चर घेऊन लॅबमध्ये ट्रायल घेतल्याशिवाय साइटवर उतरवू नका. लक्ष्य ताकद ५० अधिक १.६५ गुणिले ५ (हा ५ म्हणजे ताकदीतला धरलेला चढउतार), म्हणजे ५८.२५ एमपीए. एका घनमीटरला ५३ ग्रेडचं ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) ४०० किलो, सिलिका फ्यूम ३२ किलो, पाणी १५० लिटर, पीसीई (पॉलिकार्बोक्झिलेट) जातीचं ॲडमिक्श्चर सुमारे ४ किलो, बोडेलीकडची रेती ६९२ किलो, सेवालियाची काळी कपची २० मिमी ७३७ किलो आणि १० मिमी ४९१ किलो. रेती आणि कपची आतून पाण्याने भरलेली पण वरून कोरडी धरली आहे. पाण्याच्या तुलनेत रेतीची घनता २.६२ आणि कपचीची २.८५ घेतली आहे. तुमची वेगळी असेल तर आकडे बदलतील. पाणी भागिले सिमेंट आणि सिलिका फ्यूमची बेरीज, हे गुणोत्तर ०.३५ च्या जरा खाली येतं.

एका गोणीच्या मिक्सरला हेच आठाने भागा: सिमेंट ५० किलो, सिलिका फ्यूम ४ किलो, पाणी १८.७५ लिटर, ॲडमिक्श्चर अर्धा किलो, रेती ८६.५ किलो, २० मिमी ९२ किलो, १० मिमी ६१ किलो. सगळं वजनाने. फरमे भरून किंवा तगाऱ्या मोजून हे काम होत नाही. साइटवर वजनकाटा ठेवायची तयारी नसेल तर आरएमसी प्लांटवरून माल घ्या.

साध्या दुकानात बहुतेक पीपीसी (पोझोलाना सिमेंट) मिळतं, त्यात फ्लाय ॲश आधीच असते. त्याच्यावर सिलिका फ्यूम चालतं, मात्र सुरुवातीची ताकद हळू येते. मला स्वतःला ओपीसी, फ्लाय ॲश आणि सिलिका फ्यूम असा तिघांचा मेळ मोठ्या कामात फार आवडतो. फ्लाय ॲश माल मऊ करते आणि उष्णता कमी करते. तिचा सुरुवातीचा संथपणा सिलिका फ्यूम भरून काढतं. वणाकबोरीचं वीजकेंद्र जवळच असल्यामुळे बडोद्यात राखेची अडचणही नाही.

पाणी

एवढ्या बारीक भुकटीला ओलं व्हायला पाणी फार लागतं. ॲडमिक्श्चरशिवाय सिलिका फ्यूम घातलं तर दर किलोमागे साधारण लिटरभर पाणी वाढवावं लागतं, आणि मग जे कमावलं ते सगळं गेलं. म्हणून सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे वर सांगितलेलं ॲडमिक्श्चर, इथे सक्तीचं आहे. पीसीई आणि जुनं नॅफ्थलीनचं केमिकल एकाच मालात कधीही एकत्र करू नका, ते एकमेकांशी जमत नाहीत. आदल्या दिवशी दुसऱ्या केमिकलचा माल केला असेल तर ड्रम स्वच्छ धुऊन घ्या.

वरच्या हिशेबात मिक्सरमागे फक्त दोन लिटर पाणी जास्त गेलं तर गुणोत्तर ०.३५ वरून ०.३८ होतं. दोन लिटर म्हणजे बादलीच्या तळाशी राहिलेलं पाणी. आणि ते नेहमी बादलीतूनच येतं असंही नाही, रेतीतून येतं. नदीची रेती ३ टक्के वरचं पाणी घेऊन आली असेल तर ८६.५ किलोत २.६ लिटर पाणी आधीच आहे. ते वजा करून नळाचं पाणी ठरवायचं आणि तितक्याच वजनाची रेती वाढवायची. सकाळी ट्रकमधून उतरलेल्या आणि दुपारी उन्हात वाळलेल्या रेतीचा ओलावा वेगळा असतो, त्यामुळे तव्यावर रेती भाजून ओलावा काढायचं काम दिवसातून दोनदा करा. कपचीचं उलट आहे: उन्हात तापलेली कोरडी कपची मालातलं पाणी पिते आणि माल घट्ट होतो, मग मुकादम पाणी मागतो. आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारून ठेवा. कपची थंडही राहते.

माल फिरवताना

क्रम असा. आधी पाण्यातलं १४ लिटर ड्रममध्ये. मग दोन्ही कपच्या. त्यावर सिलिका फ्यूम हळूहळू सोडा आणि दीड मिनिट फिरवा. या वेळात कपची भुकटीच्या गोळ्या घासून फोडते. रेती आणि सिमेंट आधी घातलं तर गोळ्या मऊ मालात तरंगत राहतात आणि फुटत नाहीत. मग सिमेंट, आणखी दीड मिनिट. मग रेती, आणि शेवटी उरलेल्या पाण्यात मिसळलेलं ॲडमिक्श्चर. त्यानंतर तीन मिनिटं फिरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, परत पाच मिनिटं फिरवा. पीसीईला काम करायला थोडा वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला माल कोरडा दिसतो आणि सगळ्यांचा हात पाण्याकडे जातो. तिथे थांबायचं. शेवटची पाच मिनिटं झाल्यावर स्लम्प (शंकूचा साचा उचलल्यावर माल किती खचतो ते) बघा, कमी असेल तर ॲडमिक्श्चर थोडं वाढवा, ट्रायलमध्ये ठरवलेल्या मर्यादेत.

कंत्राटदार म्हणतो की एवढा वेळ दिला तर दिवसाला निम्माच माल निघेल. बरोबर आहे, निम्माच निघतो, आणि दर ठरवतानाच हा हिशेब धरायला हवा. ट्रान्झिट मिक्सरमध्येच सगळं मिसळत असाल तर पूर्ण मिक्सिंग वेगावर किमान १०० फेरे द्या आणि ड्रम गच्च भरू नका. कागदी गोणी न फाडता अख्खी ड्रममध्ये टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. इतक्या कमी पाण्यात कागद गळत नाही, तुकडे कोब्यात दिसतात. गोणी फाडूनच ओता.

ओतताना आणि फिनिशिंगला

सिलिका फ्यूमचा माल चिकट असतो, त्यामुळे स्लम्प नेहमीपेक्षा ४०-५० मिमी जास्त ठेवा. कोब्याला मी १२० ते १५० मिमी मागते. व्हायब्रेटर मारायचाच. माल वाहताना दिसतो म्हणून तो सोडू नका, अडकलेली हवा अशा चिकट मालातून आपोआप निघत नाही.

आता गवंड्याला आधी बसवून सांगायची गोष्ट. साधा कोबा ओतला की तासाभरात पाणी वर येतं, ते उडून गेलं की कारागीर रंधा आणि थापी चालवतो. सिलिका फ्यूमच्या मालात पाणी जवळजवळ वर येतच नाही. वर्षानुवर्षं ज्या खुणेवर हात चालवला ती खूण इथे मिळत नाही. तो वाट बघत राहतो, वरचा पापुद्रा सुकतो, खालचा माल मऊच असतो, आणि थापी लावली की पापुद्रा फाटतो. मग तो सवयीने पाणी शिंपडतो किंवा कोरडं सिमेंट भुरभुरतो, आणि तोच वरचा थर सहा महिन्यांत फोर्कलिफ्टखाली धूळ होऊन निघतो. त्यामुळे पट्टी मारली की लगेच फ्लोट, आणि ठरलेलं फिनिशिंग खंड न पाडता. एका वेळी लहान भाग ओता, पाठोपाठ फिनिश करा, पाठोपाठ झाका. नव्या टीमकडून मी आधी कारखान्याच्या आवारात एक छोटा पट्टा घालून घेते, हाताला अंदाज येतो.

ऊन, वारा आणि पहिली रात्र

बडोद्यात मे महिन्यात बारा वाजता असा कोबा ओतणं म्हणजे भेगा मागून घेणं. वर पाणी येत नाही, म्हणून उडून जाणाऱ्या पाण्याची जागा घ्यायला खालून काहीच येत नाही. साध्या काँक्रीटला तासाला चौरस मीटरमागे १ किलो बाष्पीभवन ही सावध व्हायची रेघ धरतात. या काँक्रीटला मी अर्धा किलो धरते. हवा ४० अंश, आर्द्रता २० टक्के, काँक्रीट ३४ अंश आणि वारा ताशी १५ किलोमीटर असेल तर बाष्पीभवन सुमारे १.४ किलो येतं, म्हणजे माझ्या रेघेच्या जवळजवळ तिप्पट. तेच रात्री हवा २९ अंश, आर्द्रता ६० टक्के, काँक्रीट ३० अंश आणि वारा ताशी ६ किलोमीटर असला तर ०.३५ च्या आसपास. या दोन आकड्यांत उन्हाळ्यातलं सगळं वेळापत्रक आलं: संध्याकाळी उशिरा सुरुवात करा आणि पहाटेआधी संपवा. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात शेड बंद आहे म्हणून दुपारी ओतलं होतं. दोन्ही शटर उघडी होती आणि आरपार वारा वाहत होता. फक्त त्या वाऱ्याच्या पट्ट्यात सगळीकडे भेगा पडल्या, भिंतीच्या आडोशाचा भाग स्वच्छ राहिला. ऊन नसलं तरी वारा पुरतो.

वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री किंवा हिरवी जाळी उभी करा. पाण्यातला काही भाग बर्फाने बदला, बर्फाचं वजन पाण्यातच धरून, आणि तो फिरवणं संपेपर्यंत पूर्ण वितळला पाहिजे. पट्टी मारल्यापासून थापी संपेपर्यंत बारीक धुक्याचा फवारा हवेत मारा, नोझल वर करून. पृष्ठभाग ओलसर चमकत राहावा, त्यावर पाणी साचू नये. फवारणीच्या पंपाचं साधं नोझल थेंब पाडतं, धुक्याचं वेगळं मिळतं, ते आणून ठेवा. फिनिशिंग संपताच प्लास्टिकने झाका आणि कडांवर फळ्या ठेवा, नाहीतर खालून वारा शिरतो.

काँक्रीट बोट दाबून खळगा पडणार नाही इतकं घट्ट झालं की ओलं कंतान पसरा, वर परत प्लास्टिक. सपाट कोबा असेल तर कडेने आळी करून पाणी साठवलं तर त्याहून चांगलं. आयएस ४५६ प्रमाणे अशी भर घातलेल्या काँक्रीटला किमान १० दिवस, आणि कोरड्या-गरम हवेत १४ दिवस. इथल्या उन्हाळ्यात चौदाच धरा. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारून जाणं याला क्युअरिंग म्हणू नका. मधल्या सहा तासांत कोबा कोरडा पडतो. इतक्या कमी पाण्याच्या मालात आतलं पाणी प्रक्रियेतच संपतं आणि काँक्रीट आतूनही आकसतं, म्हणून बाहेरून पाणी मिळत राहणं पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात महत्त्वाचं. टाकीच्या भिंतींचं शटरिंग काढल्या काढल्या कंतान गुंडाळा. उभ्या भिंतीवर ते सुतळीने घट्ट बांधावं लागतं आणि वरच्या कडेला भोकं पाडलेला पाइप फिरवून थेंब थेंब पाणी सोडावं लागतं. हे काम कुणाच्या तरी नावावर लावा, रविवार धरून.

कोब्याचे जोड थापीच्या कामानंतर शक्य तितक्या लवकर कापा, कडा उडणार नाहीत इतकी ताकद आली की लगेच, जाडीच्या चौथ्या भागाइतके खोल. कापायच्या पट्ट्यापुरतं झाकण काढा आणि लगेच परत घाला.

तपासणी

क्यूब १५० मिमीचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे. लॅब निवडताना मशीनची क्षमता विचारा. ५८ एमपीएचा क्यूब फुटायला सुमारे १३०० किलोन्यूटन लागतात, १००० किलोन्यूटनच्या मशीनवर तो फुटणारच नाही. क्यूबची बाजू सपाट नसेल, साचा झिजलेला असेल तर आकडा कमी येतो आणि दोष मालावर जातो. साचे आधी बघा.

टाकीच्या कामात ताकदीपेक्षा मला क्लोराइडची चाचणी महत्त्वाची वाटते. १०० मिमी व्यासाच्या, ५० मिमी जाड चकतीतून ६० व्होल्टवर सहा तास वीज सोडतात आणि किती कुलोम (विजेच्या भाराचं एकक) गेले ते मोजतात. २००० ते ४००० म्हणजे मध्यम, १००० च्या खाली म्हणजे फारच कमी. सिलिका फ्यूमच्या चांगल्या काँक्रीटने अठ्ठावीस दिवसांनी हजारच्या खाली यायला हवं. आणि चकती क्यूबबरोबर भरलेल्या नमुन्याची घेतली असेल तर ती फक्त मालाबद्दल सांगते. तो नमुना लॅबच्या टाकीत अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडालेला असतो, तुमचा कोबा नसतो. म्हणून कारखानदाराची तयारी असेल तर कमी महत्त्वाच्या कोपऱ्यातून एक कोर (ड्रिलने कापलेला गोल तुकडा) काढून त्याचीही चाचणी करा. नमुना चांगला आणि कोर वाईट आला तर क्युअरिंगच्या रजिस्टरात कारण सापडेल.

दोन्ही वाईट आले तर एक क्यूब डायमंड करवतीने मधोमध कापा, कापलेली बाजू घासून ओली करा आणि भिंगाखाली बघा. लगद्यात राखाडी, मऊ, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले आणि ते नखाने उकरता आले, तर भुकटीच्या गोळ्या फुटल्याच नव्हत्या. पुढच्या ओतकामाआधी मिक्सरचा वेळ आणि घालण्याचा क्रम तपासा. ड्रमच्या आतली पाती झिजली असतील तर तीही बदलून घ्या.